चीफ दळवींची सातवी घोडी

चीफ दळवींकडे बंदूक नाही. कधी नव्हतीच. सिंगापुरात खिशात नुसतं काडतूस सापडलं तरी माणूस आयुष्यातून उठतो, हे ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात. पण शिकारीला जाताना बंदूक टेकवायच्या ज्या चारपायी काठ्या असतात, त्या त्यांच्याकडे सात आहेत. त्यातल्या सहा नापास.

या काठ्यांना ते 'घोडी' म्हणतात, सुताराची असते तशी. पुढे दोन पाय, मागे दोन पाय, वर दोन बेचकी. पुढच्या बेचक्यात रायफलचा पुढचा भाग बसतो, मागच्यात दस्ता. शिकारी उभ्या उभ्या नेम धरतो आणि बंदुकीचा सगळा भार घोडी घेते. ही सगळी माहिती मला इथल्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मिळाली. ओळख त्यानंतर झाली.

"नाव?"

"वाघमारे."

"वा! मारलाय का एखादा?"

"नाही."

"शिक्षण?"

"बी.ई. मेकॅनिकल." हे मी जरा मोठ्यानेच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या लोळतायत त्यांनी हळू बोलावं.

"मग सांगा, तीन पाय बरे की चार?"

"तीन. जमीन कशीही असली तरी तीन पाय डुगडुगत नाहीत."

लिफ्टचं दार उघडलं. चीफ बाहेर पडेनात. बाहेर एक चिनी आजीबाई भाजीची ट्रॉली घेऊन उभ्या होत्या, त्यांनाही आत येता येईना. "पुस्तकी उत्तर," चीफ म्हणाले. "तीन पायांवर बंदूक टेकते, वाघमारे. चार पायांवर ती बसते. फरक आहे." आणि मग त्या आजीबाईंना वाट दिली, जणू त्यांनाही हे ऐकायचं होतं.

सव्वीस वर्षं बोटीवर इंजिनिअर, चीफ म्हणून निवृत्त, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा केदार न्यूझीलंडमध्ये, दक्षिणेकडच्या बेटावर जनावरांचा डॉक्टर आहे. चीफ एकटे राहतात आणि जगाचे पाय मोजतात. आमच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी 'दोन पायांचे', कारण वारा आला की पडतात. बँकेतला कुलकर्णी 'एका पायाचा', त्याला कायम कोणाचा तरी खांदा लागतो. माझ्याबद्दल एकदा चारचौघांत म्हणाले, "वाघमारे तीन पायांचा. कुठेही उभा राहतो, पण जो जोर लावेल त्याच्याकडे तोंड फिरवतो." मी दोन आठवडे बोललो नाही. खोटं असतं तर दुसऱ्या दिवशीच बोललो असतो.

घोडीचं मूळ केदारच्या एका वाक्यात आहे. सहा वर्षांपूर्वी तो फोनवर म्हणाला होता, "पा, इकडे ये, हरणाच्या शिकारीला जाऊ. रायफल माझ्याकडे आहे, फक्त तुझ्या उंचीचा स्टँड बघून ठेव." मुलं असं बोलतात. 'एकदा जेवायला या' म्हणतात, तसं. चीफनी ते ऑर्डरसारखं घेतलं.

पहिली घोडी जड निघाली. दुसरीचे पाय लांब करताना खट् असा आवाज व्हायचा. "त्या खट्ला हरीण पलीकडच्या डोंगरावर पोचेल." तिसरी उघडायला दोन हात लागत. चौथीच्या पायांचं रबर गवतावर सरकायचं. हे कालव्याकाठच्या उतारावर, सकाळी पळायला आलेल्या लोकांच्या मधोमध सिद्ध करण्यात आलं. पाचवी बरी होती, पण तिच्यावर बंदूक डावी-उजवीकडे फार वळेना, म्हणजे हरणाने समोर येऊन उभं राहायला हवं. सहावी हलकी, अबोल, एका हाताने उघडणारी. तिलाही शेरा तोच, जो शेवटी सगळ्यांना मिळाला: "डळमळतंय."

ही तपासणी रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये चाले. बंदुकीच्या जागी लांब दांड्याची काळी छत्री. मी खाली बसून पाय धरायचे, पट्टीने उंची मोजायची, वहीत टिपायची. माझी बायको म्हणायची, "जा, सरकारांची हाक आलीय." ती टोमणा मारायची आणि तो मला जिथे लागायचा ते तिला माहीत नव्हतं.

माझा आजा पाटण खोऱ्यात इनामदारांच्या शिकारीला जायचा. 'जायचा' म्हणजे त्याला नेत. त्याचं काम एकच. इनामदारांपुढे गुडघ्यावर बसायचं आणि लाकडाचं बेचकं जमिनीत रोवून दोन्ही हातांनी धरायचं. त्या बेचक्यावर बंदूक टेकायची आणि आज्याच्या कानाशी उडायची. उजव्या कानाने तो मरेपर्यंत बहिरा होता. डुकराचा वाटा मिळायचा, पण मुंडी आणि मांड्या वाड्यावर जायच्या. मी बी.ई. झालो तेव्हा आजा हयात होता. डाव्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता कुणाम्होरं गुडघा टेकू नगंस."

आणि मी हौगांगच्या नवव्या मजल्यावर, फरशीवर गुडघे टेकून, घोडीचे पाय धरून बसलेलो. वरून हुकूम, "वाघमारे, मागचा डावा अर्धा इंच वर." हे चीफना मी एकदा सांगितलंही. त्यांचे आजोबा चंदगडकडे शिकारी म्हणून प्रसिद्ध होते. मला वाटलं, ओशाळतील. ते म्हणाले, "बेचकं म्हणजे दोन पाय. माणूस धरून तीन. म्हणून तर नेम चुकायचे."



गेल्या वर्षी पोलीस आले. समोरच्या ब्लॉकमधल्या कोणी बाईंनी बांबूवर कपडे वाळत घालताना पाहिलं, की एक म्हातारा कॉरिडॉरमधून काहीतरी लांब, काळं, त्यांच्या छतावर रोखून उभा आहे. छतावर साळुंकी होती. दोन तरुण अंमलदार आले तेव्हा मी तिथेच, नेहमीच्या जागी, फरशीवर.

"अंकल, व्हॉट इज धिस?"

मी 'छत्री' म्हणणार तोच चीफ छाती काढून म्हणाले, "ऑफिसर, धिस इज ओन्ली द रेस्ट. द रायफल इज इन न्यूझीलंड."

पुढची वीस मिनिटं मी सिंगापुरात कमावलेलं सगळं डोळ्यांसमोर आणत घालवली. नोकरीचा परवाना, फ्लॅट, मुलीची शाळा. छत्री उघडून दाखवली. घोडीचे पाय मोजून दाखवले. थोरला अंमलदार इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, कॉरिडॉरमध्ये कॅनॉट लाह. लोक घाबरतात." धाकटा मात्र वाकून घोडी बघत होता. चीफनी त्यालाच गाठलं. थ्री लेग्ज ऑर फोर? तो पोरगा जरा विचार करून म्हणाला, "फोर बेटर, अंकल. बट कॅरी सो फार, व्हेरी हेवी."

"सगळ्या देशात एक माणूस विषय समजलेला भेटला," चीफ पुढे महिनाभर सांगत होते.

मग सातवी घोडी आली. मी दोन रविवार तपासली. वजन, आवाज, उंची, रबर, सगळं चोख. तिसऱ्या रविवारी चीफनी छत्री ठेवली, गाल टेकवला, आणि म्हणाले, "डळमळतंय."

माझं डोकं सटकलं. तुआसच्या जहाजांच्या यार्डात मी दिवसभर वेल्डिंग तपासतो. माझ्या सहीशिवाय तिथला एक जोड पुढे जात नाही. आणि इथे माझ्या मोजण्याला किंमत नाही? "चीफ," मी म्हणालो, "घोडीत काही खोट नाही. तुम्हालाच जायचं नाहीये. सहा वर्षं तो पोरगा बोलावतोय आणि तुम्ही काठ्यांना नावं ठेवताय."

 मी घरी आलो. पण तेवढ्यावर थांबलो तर मी डिग्रीवाला कसला. पुढच्या रविवारी यार्डातून डायल गेज मागून आणला. केसाएवढी हालचाल झाली तरी त्याचा काटा सांगतो. गेज टेबलाला घट्ट लावला, टोक छत्रीच्या दांड्याला टेकवलं. काटा शून्यावर. घोडीला पाण्याच्या दोन बाटल्या टांगल्या. शून्यावर. पंखा पूर्ण सोडला. शून्यावर.

"बघा," मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत आहे. आजच्या दिवशी तो आवाज परत घेता आला असता तर घेतला असता. "आता नेम धरा."

चीफनी उजवा हात दस्त्याच्या जागी ठेवला. काटा नाचायला लागला. इकडून तिकडे, एका लयीत, थांबेचना. हात नुसता ठेवलेला होता.

मी काट्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळेना. सहा घोड्या मला एकदम समजल्या.

"काढा ते," चीफ म्हणाले.

मी गेज काढला. ते खुर्चीत बसले आणि उजवा हात मांडीखाली घातला, शाळेतली मुलं थंडीत घालतात तसा. तेव्हा लक्षात आलं, की ते नेहमी असेच बसतात.

"डॉक्टरांना दाखवलंय. वाढतच जाणार आहे," ते म्हणाले. "तीन महिने घरी असायचो, वाघमारे. नऊ महिने पाण्यावर. केदार मला पाहुणा समजायचा. आई गेली तेव्हा तोंडावर म्हणालाही. पण एक खेळ होता आमचा. मी हात पुढे धरायचा, त्याने माझ्या पालथ्या हातावर चहाने भरलेला कप ठेवायचा आणि शंभर मोजायचे. कप हलायचा नाही. मित्रांना बोलावून दाखवायचा, माय पा'ज हँड नेव्हर मूव्ह. त्याचं मराठी असं अर्धं इंग्रजी. मराठी आकडे मात्र शंभरपर्यंत येतात, ते तेवढ्यासाठी." मग म्हणाले, "दुसरं काही दिलेलं मला आठवत नाही. तेवढं तरी त्याच्याकडे राहू दे."

म्हणून घोडी. हात हलला तरी बंदूक हलू नये, अशी घोडी. चार पायांची का, ते मला आता कुठे कळत होतं.

केदारचा फोन महिन्यातून एकदा, रविवारी अकराला येतो. तो त्याच दिवशी यायचा होता आणि आला. चीफनी फोन पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. हात खाली.

"हाय पा. सो? सातवा स्टँड कसा?"

"ठीक आहे."

"शो मी लाह. नेम धरून दाखव ना."

चीफनी माझ्याकडे पाहिलं नाही. कधी पाहत नाहीत, हुकूम द्यायचा असला तरच. या वेळी हुकूम नव्हता. ते उठले, घोडी कॅमेऱ्यासमोर ओढली, छत्री ठेवली आणि डावा हात पुढे टेकवला. उजवा अजून खालीच होता.

मी कॅमेऱ्याच्या खालून, गुडघ्यांवर, सरकत गेलो. चीफनी उजवा हात दस्त्यावर नेला तसं मी खालून मनगट दोन्ही हातांनी पकडलं, माझं कोपर मागच्या पायाला टेकवलं आणि श्वास रोखला. त्यांची थरथर माझ्या खांद्यापर्यंत आली आणि तिथे अडली.

"वाह," फोनमधून आवाज आला. "पा, स्टिल सो सॉलिड."  मग तो मोजायला लागला. "एक, दोन, तीन..."

मला वाटलं गंमत म्हणून दहापर्यंत जाईल. तो थांबला नाही. तिशीत माझे गुडघे बोलायला लागले. एकोणसाठला तो अडला, "फिफ्टीनाइन काय, पा?" चीफनी गाल छत्रीवरून न उचलता सांगितलं, "एकोणसाठ." तो पुढे निघाला. नव्वदीत त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, की मला तसा ऐकू आला, सांगता येत नाही. मला खालून पडदा दिसत नव्हता. चीफचं मनगट दिसत होतं.

"शंभर! कमॉन पा, आता तरी ये. कधी येतोस?"

"बघतो," चीफ म्हणाले. "एक-दोन गोष्टी तपासायच्यात."

"यू अँड युअर स्टँड," तो हसला, आणि कोणीतरी गाय घेऊन आलंय म्हणून फोन ठेवला.

मी मनगट सोडलं. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. चीफनी छत्री काढली, डाव्या हाताने घोडीचे पाय एकेक करून मिटले आणि तिला कोपऱ्यात, बाकीच्या सहांच्या शेजारी नेऊन उभी केली.

"पास ना?" मी विचारलं.

"नापास."

"आता काय खोट काढलीत?"

"तुझ्याशिवाय उभी राहत नाही," चीफ म्हणाले. ओळखीच्या चार वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. आतून कपबशीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी आत गेलो नाही.