जतन केलेली किंचाळी

पंक या बंडखोर रॉक संगीतावर स्त्रियांचा जो प्रभाव पडला, तो यापुढे काचेच्या कपाटात ठेवण्यात येईल, असा निर्णय संगीत संग्रहालयाने घेतला. प्रभाव उघड्यावर राहिला तर त्याच्यावर धूळ बसते, असे संचालकांचे मत होते.

या प्रभावापैकी एक बाई अजून हयात होती, ही थोडी अडचण होती. तरुणपणी एका टीकाकाराने तिला 'कर्कशा' म्हटले. तिने तो शब्द लाल रंगाने गिटारवर रंगवला आणि त्याच नावाने गाजली. आता गुडघे कुरकुरत असले तरी आवाज शाबूत होता. संग्रहालयाला गिटार देताना तिने एकच अट घातली होती: उद्घाटनाला भाचीला ड्रमवर बसवून आपण एक गाणे वाजवणार. मावशीला गाताना भाचीने कधी पाहिलेच नव्हते. त्या एका गाण्यात कर्कशाचा जीव अडकला होता.

"आदरणीय कर्कशाताई, अवश्य वाजवा," संचालक म्हणाले. "फक्त गिटारला हात लावता येणार नाही."

"मग काय डोळे वटारून वाजवू?"

"ती आता वारसावस्तू आहे. बोटांच्या घामानं खराब होते."

"अहो, या घामानंच तिचा वारसा झाला ना?"

"अगदी बरोबर! म्हणून तो घाम जपायचाय. नवा घाम मिसळला तर जुना कुठला ते कळायचं कसं?"

शेवटी पांढरे सुती हातमोजे मंजूर झाले. ते घालून तिने तारा छेडल्या, तेव्हा कुणीतरी शेजारच्या खोलीत उशी झटकल्यासारखे वाटले. आवाज मर्यादेत असल्याबद्दल संचालकांनी तिचे अभिनंदन केले.

मग गाण्याच्या शब्दांवर चर्चा झाली. "'तोंड बंद कर म्हणणारा तू कोण?' यातलं 'तू' पाहुण्यांच्या मनाला लागेल," संचालक म्हणाले. "'आपण कोण?' चालेल का? आणि शेवटची किंचाळी तेवढी नको. काचा तडकतील."

"किंचाळी नाही तर गाणं कसलं, डोंबल!"

"किंचाळी आहे ना! आम्ही जतन केलीय. बटण दाबून हेडफोन लावला की ऐकू येते. लहान मुलं घाबरतात म्हणून जरा हळू ठेवलीय."

"मावशी, माझ्या काठ्यांनाही मोजे घालू का?" भाचीने विचारले. ही सूचना संचालकांनी आनंदाने मान्य केली.

उद्घाटनाला व्यासपीठावर सगळे पुरुष होते. आपली खुर्ची कुठे आहे, असे कर्कशाने विचारले.

"ताई, तुम्ही विषय आहात, वक्त्या नाही," संचालकांनी समजावले. "विषय समोर बसला की वक्त्यांना मोकळेपणानं बोलता येत नाही." तिला मागच्या रांगेत जागा मिळाली. भाषणे लांबली आणि गाणे रद्द झाले. ते तिला कुणी सांगितलेही नाही. गिटारच्या कपाटाला कुलूप लागले, त्यावरून तिने ओळखले. तिला रडू आले, आणि रडू आल्याचा भयंकर संताप आला.

"चल गं," ती भाचीला म्हणाली.

भाचीचे ड्रम, सरावाची स्वस्तातली गिटार आणि स्पीकर सुरक्षेच्या कारणास्तव दाराबाहेरच ठेवायला लावले होते. दोघींनी ते खिडकीखालच्या फुटपाथवर मांडले. पहारेकरी धावत आला.

"बाई, इथं गोंगाट नको. आत कार्यक्रम चाललाय."

"कसला?"

"पंकमधल्या बायकांचा."

आत प्रमुख वक्ते टेबलावर मूठ आपटत म्हणत होते, "हा आवाज कुणीही दाबू शकलं नाही!" त्याच क्षणी खिडकीतून किंचाळी आली. खरी, पूर्ण, हळू न केलेली. फुटपाथवर भाची वाजवता वाजवता मावशीकडे बघतच राहिली. तिच्या हातून एक ठोका चुकला, पण मावशीने मागे वळून पाहिले नाही.

आत कपाळांना आठ्या पडल्या. "श्श!" झाले. कुणीतरी उठून खिडकी लावली, आणि आवाज न दाबला गेल्याबद्दलचे ते वाक्य वक्त्यांनी पुन्हा म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खिडकी कुणी लावली, हे संग्रहालयाला आजवर कळलेले नाही. जो तो शेजारच्याकडे बोट दाखवतो. तुम्ही तिथे नव्हता, हे मान्य. पण ही गोष्ट वाचायला बसताना पलीकडच्या खोलीत तुमची मुलगी मोठ्याने गात होती, तेव्हा तिला काय सांगितलेत, ते आठवते का?