चौकोनी कंसातला पहिला आकडा

वाघमारे सरांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते आधी कंस बघतात. "गोल टाकलाय. चौकोनी शोभला असता," असं म्हणून मग विचारतात, लग्न कुणाचं हाय.

आमच्या अहमदपूरच्या कॉलेजात ते इतिहास शिकवतात, मी कॉम्प्युटर. पीएचडीचा प्रबंध त्यांनी उदगीरकडच्या जुन्या विहिरींवर लिहिला आणि छपाईची मांडणी माझ्या गळ्यात घातली. संदर्भांचे आकडे आधी चौकोनी कंसात हवे होते, मग ओळीच्या वर बारीक, मग पुन्हा चौकोनी. टँकर आला की सगळी स्टाफरूम घागरी घेऊन पळायची, सर तेवढे स्क्रीनला नाक लावून बसायचे. त्यात उदगीर नवा जिल्हा होणार अशी चर्चा. "उद्या जिल्हा झाला तर शीर्षक बदलावं लागंल, मॅडम," म्हणत बीपीची गोळी घ्यायचे.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या आत प्रबंध नांदेडच्या विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. नियमाप्रमाणे मी संदर्भांची यादी आडनावांच्या क्रमाने लावली. त्याबरोबर सगळे आकडे बदलले. सर यादीवर वरपासून बोट फिरवायला लागले.

"एक नंबर कुठं गेला?"

मी चिडलेच. 'व'मधला संदर्भ खाली जाणारच, म्हटलं, आता बस पकडा.

सर खुर्चीत बसले. तो संदर्भ त्यांच्या आईचा होता. विहिरींबद्दल तिने सांगितलेलं प्रबंधाच्या पहिल्याच वाक्यात होतं. गावच्या विहिरीला तिला हात लावू देत नसत. सगळ्यांचं भरून झाल्यावर कुणी वरून ओतेल तेवढं पाणी ती घरी आणायची. ती जाऊन वर्ष झालं होतं.

"जलमभर शेवटी उभी ऱ्हायली, मॅडम. हितं तरी पहिली ऱ्हाऊ द्या."

जो संदर्भ आधी येतो त्याला आधी आकडा, अशी सोय त्या प्रोग्रॅममध्ये होतीच. मी तेवढा एक शब्द बदलला. प्रबंध परत आला तर दोष माझाच, हे ठाऊक होतं. सर गठ्ठा छातीशी धरून एसटीत बसले आणि माझा दिवस फोनकडे बघण्यात गेला.

संध्याकाळी फोन आला.

"घेतला, मॅडम. यादी कुणी उघडूनबी बघितली न्हाई."

मी सुटकेचा श्वास सोडला. सर पुढं म्हणाले,

"मी मातर बसमधी सारखी तीच उघडून बघत व्हतो."