उजव्या बाकावरचे एकेचाळीस किलो

गेल्या मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे सहा. आमच्या मोटारीत माणसं तीन आणि गुळाचा एक रवा, म्हणजे छोटी ढेप. एकूण वजन एकशे नव्व्याण्णव किलो. मी बहात्तर, माझी बायको सुनीता सदुसष्ट, शेजारचे दस्तगीरमामा पंचावन्न, गूळ पाच.

हा हिशेब मामांचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी चोवीस वर्षं काढली, पण मोटारीत बसण्याआधी माणसं तोलावीत असं मला कधी सुचलं नाही.

"उजवीकडं तुम्ही," मामा म्हणाले. "डावीकडं वहिनी. पाच किलो कमी पडत्यात. गूळ वहिनींच्या पायापाशी ठेवा. मी मागं मधोमध."

"सांगा माझं वजन सगळ्या पेठेला!" सुनीता म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? पेठ बघतीयाच की."

शिवाजी पेठेत मामांची आणि आमची भिंत एकच. कोल्हापूरला समुद्र नाही, हे मामांनी कधी मान्य केलेलं नाही. कोकणातल्या एका खाडीवर मोटारी आणि माणसं पलीकडे नेणारी फेरीबोट होती; तिच्या इंजिनावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. म्हणून आमच्या गल्लीत दुचाकी दोन्ही कडांना सारख्याच लागतात. पंगतीत तालमीतले पैलवान एकाच बाजूला बसले, की मामा वाढप्याला थांबवतात आणि दोघांना उठवून समोर बसवतात. "तोल गेला की आधी पाणी आत येतं, मग अक्कल."

बोटीचं वर्णन सगळ्या गल्लीला पाठ आहे. बूड सपाट, इंजिनं दोन, खाली वीस मोटारी, वर दीडशे माणसांची बाकं. "हिला पाठच न्हाय, दोन्हीकडनं तोंड. वळायची भानगड न्हाय. आल्या वाटंनं उलटं जायाचं, आमच्या जावयागत." खोट एकच. दहाव्या वर्षी डाव्या अंगाला नवा जनरेटर बसवला आणि बोट त्या बाजूला दोन बोटं कलली, ती कललीच.

"मग नीट केली नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"केली की. रोज दुपारी."

दुपारी मामी तिथल्या खाडीकाठच्या घरून डबा घेऊन यायच्या. मामा त्यांना वर उजव्या कडेच्या बाकावर बसवायचे आणि स्वतः खाली इंजिनापाशी जायचे. तिथून काही दिसत नाही. बोट सरळ झाली, की मामींनी वरच्या लोखंडावर दोनदा टाच आपटायची, असं ठरलेलं. मामींचं वजन एकेचाळीस किलो.

"आणि आपटायच्या?"

"एक दिस चुकली न्हाय."

"मामा, दोनशे टनांच्या बोटीला एकेचाळीस किलोनं काय होणार?"

"तुमचा काटा उसाचा हाय वो," मामा म्हणाले.

मामींना जाऊन चार वर्षं झाली. आता खाडीवर पूल झालाय आणि त्या रविवारी बोट शेवटची चालणार होती. मामा आदल्या दिवशी आमच्या दारात आले. "तीस वर्षांत एकदा बी वर बसलो न्हाय. बघायचंय, बोट खरंच सरळ हुती का. का टाच आपटून ती मला नुसती खूश करत हुती."

धक्क्यावर तिकीटवाल्यानं मामांना ओळखलं आणि पैसे घेईना. मामांनी तिघांचे आणि मोटारीचे जाण्यायेण्याचे जबरदस्तीनं दिले. "खालनं फुकट गेलो. वर बसायचं तिकीट लागतं."

मोटार बोटीवर लावून आम्ही जिना चढलो. मामा उजव्या कडेच्या बाकावर बसले. पिशवीतून पाण्याची अर्धी भरलेली बाटली काढून त्यांनी शेजारी आडवी ठेवली.

"डोळ्यात मोतीबिंदू हाय. पाणी कुठं हाय, तुम्हीच सांगा."

बोट सुटली. खालून इंजिनाची थरथर पायात येत होती.

"झाली का सरळ?"

मी वाकून पाहिलं. पाणी डाव्या टोकाला सरळसरळ जास्त होतं. सख्ख्या मेहुण्याच्या उसालाही मी काट्यावर किलोभर वजन वाढवून दिलेलं नाही.

मी टाच उचलली आणि लोखंडावर दोनदा आपटली.

मामांनी बाटली उचलून पिशवीत ठेवली.

उतरताना मामांनी गुळाचा रवा इंजिनावरच्या माणसाला दिला. परत निघताना सुनीतानं आठवण केली, "मामा, डावीकडं पाच किलो कमी आहेत."

मामा मागं उजव्या खिडकीशी सरकून बसले होते.

"असू द्या की," ते म्हणाले.