डॉक्टरबाईंची भरती

"अर्ध्या तासाचं काम आहे!" बाळाला आईच्या मांडीवर ठेवत डॉक्टरबाईंनी जाहीर केलं. "कागद दाखवायचे, सही ठोकायची, बाळ जागं व्हायच्या आत परत!"

बाळ टक्क जागंच होतं. पण ते असो.

डॉक्टरबाई वजन कमी करण्याची ऑपरेशनं करत. त्यांचे बाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर असे फुगत गेले, की दारातून अंग तिरकं करून आत यायचे. "माझ्याकडे या, मीच करते," लेक म्हणायची. "पोरीकडून फुकट? छट्! माजी सैनिकांची योजना आहे. हक्काचं घेईन, रांगेत उभा राहीन," बाबा म्हणायचे. योजनेच्या पॅनेलवर या ऑपरेशनाचा सर्जन शहरात एकही नव्हता. मग मीच पॅनेलवर येते, असं लेकीनं ठरवलं. तेवढ्यात बाळंतपण आलं आणि बाबा रांगेतच गेले. रांग तिथेच होती. तिच्यातलं आणखी कुणी तसं जाऊ नये, म्हणून आज त्या निघाल्या होत्या.

योजनेच्या दवाखान्यातल्या कचेरीत टेबलामागे एक मिशाळ निवृत्त फौजी.

"काय काम?"

"भरती व्हायचंय. वजनाच्या ऑपरेशनासाठी..."

"काट्यावर उभ्या राहा."

फौजेचा कारभार, डॉक्टरांचंही वजन करत असतील! डॉक्टरबाई बाळंतपणाचं पोट आत ओढून काट्यावर चढल्या. काट्यानं काहीही लपवलं नाही.

"कधीपासून आहे हे?"

फौजेशी असलेलं नातं विचारताहेत, असं वाटून बाई म्हणाल्या, "लहानपणापासूनच. बाबांमुळे."

"हं, घराण्यातच असतं. आजवर ऑपरेशनं किती झाली?"

"सहाशेच्या वर!" डॉक्टरबाई मान ताठ करून म्हणाल्या.

फौजींच्या हातातलं पेन गळालं. ते ताडकन उठले, त्यांनी कडक सलाम ठोकला आणि ओरडले, "व्हीलचेअर आणा! बाईंना एक पाऊल टाकू देऊ नका!"

"अहो, ऐका तरी!" पण ऐकतंय कोण! वरात निघाली. व्हरांड्यातल्या बाकांवर जाडजूड म्हातारे सैनिक बसले होते. त्यातल्या एका आजोबांनी धापा टाकतच खुर्ची अडवली.

"माझा नंबर हिला द्या रे. बाळंतीण दिसतेय. माझं काय, मी थांबेन."

हुबेहूब बाबांचा सूर! डॉक्टरबाईंनी त्यांचा हात धरला. "आजोबा, मी पेशंट नाही हो. सर्जन आहे."

"मग खुर्चीत काय करतेस?"

बाईंनी भर व्हरांड्यात भोकाड पसरलं. आजोबा घाबरून म्हणाले, "बरं बरं, बस हवं तर!"

मग सगळा उलगडा झाला. फौजींच्या मिशा खाली आल्या, कागद तपासले गेले, शिक्का बसला. डॉक्टरबाई पॅनेलवर आल्या! जिना उतरतानाच आईचा फोन.

"अगं, आत्ता ह्यांच्या फोनवर योजनेतून फोन आला. सर्जन मिळाल्या, उद्याच या म्हणतात."

डॉक्टरबाई जिन्यातच थांबल्या. "मग तू... काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांना नाही जमायचं आता. पुढच्याला बोलवा. वर मलाच विचारतात, नव्या सर्जनबाईंना ओळखता का! म्हटलं, ओळखते. कामाला चोख आहे, जेवायची तेवढी शुद्ध नसते. बोलले ते बरोबर ना गं?"

"बरोबरच," म्हणत डॉक्टरबाई उरलेल्या पायऱ्या उतरल्या. नव्या सर्जनबाईंचा पहिलाच पेशंट गैरहजर होता.