दत्तूभाऊ काच वर करतात

आमचे शेजारी दत्तूभाऊ मयेकर माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. कोणाचा मिक्सर बिघडला की त्याला पाटावर बसवून विचारतात, "काय होतंय तुम्हाला? बघू हां." आणि मिक्सर घेऊन आलेल्या माणसाला सांगतात, "तू कशाला उभा? हो बाजूला, उजेड येऊ दे." जन्म बोटीवर गेला, तोही इंजिनरूममध्ये, त्यामुळे असेल. तिथे यंत्र रुसलं तर सगळेच पाण्यात. माणूस रुसला तर फार तर जेवत नाही.

निवृत्त होऊन रत्नागिरीत मांडवीला घरी आल्यापासून "खोलून बघू" हा त्यांचा जप. सुमनवहिनी म्हणतात, "ह्यांनी घरातलं देवघर तेवढं खोलायचं ठेवलंय."

त्या दिवशी सकाळीच कुंपणाच्या गडग्यापलीकडून हाक आली. "विन्या, फोन घेऊन ये. शूटिंग करायचंय!"

त्यांच्या जुन्या लाल गाडीची ड्रायव्हरकडची काच खाली जाऊन बसली होती, वर यायचं नाव नाही. स्वतःची काच स्वतः कशी दुरुस्त करावी, हे ते व्हिडिओ काढून जगाला शिकवणार होते.

"अर्धी रत्नागिरी काचेच्या खाचेत खोबरेल ओतते, मेल्या! त्यावर धूळ बसते आणि त्याचा लाडू होतो. कोणीतरी सांगायला नको?"

"पण आजच?"

"मग कधी?"

खरं तर आजच का ते मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी मनू पुण्याला हॉस्पिटलात होती. रक्तदाब चढलेला, आज ऑपरेशन करून मूल बाहेर काढणार होते. मागच्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं. वहिनी तिच्याजवळ होत्या. ह्यांना मात्र त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "तुम्ही येऊ नका. तिथे पलंगाचं हँडल कुरकुरलं तर पेशंटला खाली उतरवून खोलायला बसाल."

"बरोबरच आहे तिचं," दत्तूभाऊ मला म्हणाले. "बाळंतपणात बाप म्हणजे स्टेपनी. गाडीत असावी, वापरायची वेळ येऊ नये." आणि त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला. मी आल्यापासून कितव्यांदा ते देव जाणे.

माझा फोन गडग्यावर चिऱ्याला टेकवून लावला. आता पाना हातात घेतील असं वाटलं, तर ह्यांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! ह्या आमच्या गाडीबाईंची काच अडकलीय, ती वर जाऊ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" मी फोनमागून म्हणालो. काय करणार?

"जो कोण हे बघून आपलं दार खोलील, त्याची एकपण क्लिप तुटू देऊ नको रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि तिकडे पुण्यात माझी मनू..." इथे ते थांबले. "तिची सुखरूप सुटका होऊ दे रे महाराजा."

"होय महाराजा!" ह्या खेपेला मीही हात जोडले. नारळ फोडताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हे कापून टाक हां," एवढंच म्हणाले.

मग मात्र गडी रंगात आला. हँडलमागचे स्क्रू काढले. फडकं गुंडाळलेल्या उलथन्याने पॅनेलची एकेक क्लिप अशी सोडवली की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर काढतायत. आतला प्लास्टिकचा कागद हलक्या हाताने सोडवला. आत अंधार, म्हणून स्वतःच्या फोनची बॅटरी लावून तो दाराच्या पोकळीत खाली ठेवला. "हे बघा मंडळी, ह्या मोटारसाहेबांची काहीच चूक नाय. आपली खारी हवा! वायरचा जोड गंजलाय." जोड घासला, खाच पुसली, कागद परत चिकटवला, पॅनेल ठोकून बसवलं.

"अहो, आधी काच चालते का बघा तरी!" मी म्हटलं.

"आधीच दाखवली तर लोक शेवटपर्यंत बघतील काय? अक्कल हाय तुला?" आणि विजयी मुद्रेने त्यांनी खिशावर हात मारला. खिसा रिकामा. "विन्या, माझा फोन?"

तेवढ्यात दारात त्यांच्या फोनची सनई वाजायला लागली. बंद दाराच्या आत.

पुढचं बघवत नव्हतं. दत्तूभाऊंनी दोन्ही हातांनी पॅनेल धरून ओढलं. क्लिपा लाह्यांसारख्या अंगणभर उडाल्या. कागद फाडला, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि सनई थांबली. फोन बाहेर काढला तेव्हा चेहरा पांढराफटक. ते वहिनींना लावायला लागले, वहिनी ह्यांना लावत असणार, दोघांनाही बिझी.

"ठेवा तो खाली! त्यांना करू दे!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, आणि त्यांनी ऐकलं.

सनई वाजली. वहिनींचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. "अहो, मुलगी झाली! मनू बरी आहे! बाळ रडतंय, ऐका, ऐका!"

सुटलो बुवा एकदाचे! दत्तूभाऊ मात्र तसेच उभे, फोन कानाला घट्ट लावून. मग तो माझ्या हातात कोंबला. "तू बोल. माझे हात ग्रीसचे आहेत."

ते गाडीत जाऊन बसले. ते उघडंवाघडं दार ओढून घेतलं. चावी फिरवली, वायरीला लोंबकळणारा स्विच चाचपून दाबला. काच सरसर वर गेली, एकदाही न अडखळता, पार वरपर्यंत. तिच्या पलीकडे त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

"हे कुठे गेले?" वहिनी विचारत होत्या.

"काच वर गेली, वहिनी."

"आग लागो त्या काचेला! ते कुठे आहेत?"

"गाडीत आहेत," मी म्हटलं. "रडून झालं की देतो."