लिटरला एकोणचाळीस

“थांबू नकोस रे, अजून मावेल,” तेइजो मोरिवाकी टाकीच्या तोंडाशी डोकं नेऊन म्हणाले.

“मोरिवाकीसान, नळी तीनदा आपोआप बंद पडली. आता टाकलं तर तुमच्या बुटांत जाईल,” पंपवाला हिराओका म्हणाला.

टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय ॲव्हरेज बरोबर निघत नाही, हे तेइजोंचं म्हणणं हिराओकाला पाठ होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे गृहस्थ आपली वीस वर्षांची छोटी ऑटोमॅटिक गाडी घेऊन यायचे, टाकी काठोकाठ भरायचे, मीटरवरचे किलोमीटर बघायचे, भागाकार करायचे, मीटर शून्यावर आणायचे आणि सुस्कारा सोडायचे. भागाकार नेहमी बाराच्या आसपास यायचा.

आज तेइजोंनी भागाकार केला आणि सुस्कारा सोडलाच नाही. त्यांनी पुन्हा केला. मग खालून वर गुणाकार करून पाहिला.

“हिराओका, किती लिटर गेलं?”

“अकरा.”

“आणि मीटरवर चारशे तीस. अरे, एकोणचाळीस! लिटरला एकोणचाळीस!”

“काहीतरीच काय! या डबड्यात?”

“डबडं कोणाला म्हणतोस? ये, आपल्या डोळ्यांनी बघ!”

हिराओकाने आत डोकं घालून मीटर बघितलं आणि आ वासून तसाच राहिला. काल शोरूममधून आलेली गाडीसुद्धा एवढं देत नव्हती.

तेइजोंच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. ओसाकाला राहणारी त्यांची मुलगी चिहारु हिवाळ्यापासून त्यांच्या मागे लागली होती. “बाबा, शहात्तर झालं. लायसन्स परत करून टाका आणि ते म्हातारं खटारं भंगारात द्या. पेट्रोल पितं नुसतं.” तेइजोंनी छाती ठोकून सांगितलं होतं, “गाडी पण म्हातारी नाही आणि मी पण नाही. ॲव्हरेज सुधारून दाखवतो.” डोंगराच्या कुशीतलं त्यांचं गाव, दिवसाला चार बस. गाडी गेली की माणूस घरातल्या कपाटासारखा एका जागी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून गेला महिनाभर त्यांनी कंबर कसली होती. डिकीतली छत्रीसुद्धा काढून टाकली. सिग्नल लांबून दिसला की पाय उचलायचा. उतारावर गाडी नुसती वाहू द्यायची. आणि भर सप्टेंबरच्या उकाड्यात एसी बंद. शेजारी बसलेली बायको सुमिए घामाने निथळत असली तरी बंद.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. हिराओकाने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, गिऱ्हाइकांनी घरी सांगितलं, आणि ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षांनी तेइजोंचं भाषणच ठेवलं: ‘कमी पेट्रोलमध्ये लांबचा पल्ला’.

सुमिएने हे ऐकलं आणि तिच्या हातातली पळी वरणाच्या भांड्यात, म्हणजे त्यांच्या मिसोच्या सूपमध्ये, पडली.

“भाषण? कशाला हो भाषण? लोकांना दाखवायचं काय त्यात?”

“तुला नाही कळायचं. पाय कसा ठेवायचा यात सगळी कला आहे.”

“तुमचा भागाकार चुकला असेल.”

“चाळीस वर्षं टपाल खात्यात हिशोब केलेत मी! भागाकार चुकेल?”

सुमिए पाठ फिरवून पळी धुवायला लागली. तेइजोंना वाटलं, बाईमाणूस, भारावून गेली असेल.

भाषणाला हॉल भरला होता. तेइजोंनी पाय कसा उचलायचा ते खुर्चीवर बसून करून दाखवलं. लोक माना डोलवत होते. दोघांनी तर आपापल्या चपला काढून सराव सुरू केला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “कोणाला काही विचारायचं आहे का?” तेव्हा मागच्या रांगेतल्या ओत्सुजी आजींनी हात वर केला.

“ते पायाचं वगैरे कळलं. पण मोरिवाकीसान, महिन्यात चारशे तीस किलोमीटर तुम्ही गेला होतात कुठे?”

“म्हणजे? नेहमीचंच. दवाखाना... भाजीबाजार...”

“दवाखाना तर हा काय, पुलापलीकडे.”

“आणि... न्हाव्याकडे.”

लोक हसले. तेइजोही हसले. मग त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. दवाखाना, बाजार, न्हावी, बायकोच्या बहिणीकडे एकदा. सगळं ताणून ताणूनही एकशे ऐंशीच्या वर जाईना. उरलेले अडीचशे? गाडी त्यांची, किल्ली त्यांच्या घरात, चालवणारे घरात ते एकटे. मग ते अडीचशे किलोमीटर गेलं कोण?

हॉलमध्ये हळूहळू सगळ्यांचं हसू थांबलं. तिथल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी तरी, एक दिवस घरातून निघून परत यायचा रस्ता विसरलं होतं. अध्यक्षांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या आणि चहा मागवला. चहा देताना ओत्सुजी आजी इतक्या प्रेमाने बोलल्या की तेइजो अर्धा कप तसाच टाकून निघाले.

घरी येऊन त्यांनी गाडी उलटीपालटी केली. चालकाच्या पायाखालची चटई झटकली तर खाली वाळू! मूठभर, पांढरी, समुद्रावरची. समुद्र डोंगरापलीकडे. तेइजोंनी कित्येक वर्षांत तिकडे चाक वळवलं नव्हतं, कारण वाटेत घाट होता आणि घाटात पेट्रोल जातं.

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“सुमिए, मी अलीकडे समुद्रावर गेलो होतो का गं?”

सुमिए मुळा किसत होती. तिचा हात थांबला. चेहरा त्या मुळ्यासारखाच पांढरा पडला.

“का हो?”

“सांग ना. गेलो होतो का?”

“...गेला असाल,” सुमिए कशीबशी म्हणाली आणि पुन्हा जोरात किसायला लागली.

संपलं! म्हणजे हिलाही माहीत होतं. आपण भान हरपून घाट चढत होतो, उतरत होतो, समुद्रावर फिरत होतो आणि ही बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसली होती. वाटेत शाळा आहे. शाळेसमोर पट्टे आहेत. पट्ट्यांवर पिवळ्या टोप्या घातलेली पोरं असतात. त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यांनी चिहारुला फोन केला. “तू म्हणतेस तेच खरं. लायसन्स परत करतोय.”

“बाबा! खरंच? एकदम कसं काय?”

“काही विचारू नकोस,” ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

सुमिएला त्यांनी सांगितलं, “‘गो’चा डाव खेळायला क्लबात जातो, जेवूनच येईन.” मंगळवार आणि शुक्रवार ते तसेही चालत क्लबात जायचे. पण आज ते बसथांब्यावर गेले. गाडीला हात लावायची हिंमतच नव्हती. पोलीस ठाणं समुद्राकाठच्या शहरात. तिथे खिडकीतल्या मुलीने लायसन्स घेतलं, टाचकन भोक पाडलं आणि दोन्ही हातांनी एक कागद पुढे केला.

“इतकी वर्षं सांभाळून गाडी चालवलीत, आभारी आहोत. हे दाखवलंत की बसचं तिकीट अर्ध्यात.”

“समजा, एखाद्याला परत हवं झालं तर?”

“परत मिळत नाही, आजोबा. पहिल्यापासून सगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.”

परतीच्या बसमध्ये तेइजो खिडकीशी बसले. डावीकडे समुद्र लखलखत होता. ‘म्हणजे मी इथे येत होतो तर,’ ते मनात म्हणाले आणि एखादा दगड, एखादं झाड ओळखीचं वाटतंय का ते बघत राहिले. काही वाटेना. तेवढ्यात बसच्या उजवीकडून एक छोटी पांढरट गाडी झपकन पुढे गेली. मागच्या बंपरवर डाव्या बाजूला पोचा, पिवळी नंबरपाटी.

“माझी गाडी!” तेइजो ताडकन उभे राहिले. “अहो ड्रायव्हर, थांबा! माझी गाडी चोरीला चाललीय!”

“आजोबा, बसून घ्या. बस चालू असताना उभं राहू नये.”

“अहो, ती बघा! माझ्या गाडीने तुम्हाला ओव्हरटेक केलं!”

“हो हो,” ड्रायव्हर अगदी मऊ आवाजात म्हणाला. “तुम्ही बसा. कुठे उतरायचंय, आठवतंय ना?”

पुढच्या थांब्यावर रस्त्याकडेचा बाजार होता. मासे, भाज्या, भाजलेल्या माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, धूर. आणि आवारात, दोन रेघांच्या बरोबर मधोमध, तेइजोंची गाडी. ते बसमधून अक्षरशः पडतच उतरले आणि चोराला शोधत धावले. समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर मोठी टोपी घातलेली एक बाई काडीला लावलेलं माकूळ खात होती.

“सुमिए?”

सुमिएच्या हातातलं माकूळ वाळूत पडलं.

“अगंबाई! तुम्ही? क्लबात गेला होतात ना?”

“तू... तू इथे कशी आलीस?”

“गाडीने,” सुमिए खाली मान घालून म्हणाली.

“कोणी चालवली?”

“मी.”

लायसन्स होतं हो तिच्याकडे. लग्नाआधीचं. पाच पाच वर्षांनी नवं करून आणायची, पण ते टपालात ओळख पटवायला आणि पाकिटाला वजन यायला. लग्नानंतर तिने स्टिअरिंगला हात लावल्याचं कोणी बघितलं नव्हतं.

“कधीपासून?”

“महिना झाला. तुम्ही क्लबात गेलात की. अहो, चाळीस वर्षं तुमच्या शेजारी बसले. इथे थांबू या का म्हटलं की तुम्ही म्हणायचात, थांबलं की पुन्हा सुरू करताना पेट्रोल जातं. समुद्र नुसता खिडकीतून मागे जायचा. म्हटलं, आपण होऊन जावं आणि जिथे जिथे थांबलो नाही तिथे सगळीकडे एकदा थांबावं.”

“मग सांगायचं नाही? काल विचारलं तेव्हा ‘गेला असाल’ म्हणालीस!”

“घाबरले! वाटलं, उद्या शेवटचं एकदा जाऊन येते आणि मग सांगते.”

“आणि पेट्रोल? टाकी भरलेली कशी राहिली?”

“इथल्या पंपावर मी भरत होते ना दर वेळी, काठोकाठ. दुसऱ्याची वस्तू मागून आणली तर रिकामी परत देऊ नये.”

“दुसऱ्याची? मी दुसरा?”

“‘गाडी माझी आहे’ असं तुम्हीच म्हणता. आणि मी तर मागूनसुद्धा आणली नव्हती.”

एकदम तेइजोंच्या लक्षात आलं की आपलं डोकं ठिकाणावर आहे. काही विसरलो नव्हतो! त्यांनी तिथल्या तिथे हसायला सुरुवात केली, आणि हसता हसता हात खिशाकडे गेला. खिशात तो कागद होता. हसू तोंडातच विरलं.

सुमिएने कागद वाचला आणि मटकन बाकावर बसली.

“अहो, हे काय करून बसलात! चला, आत्ता जाऊन परत मागू. मी सांगते त्यांना, चूक माझी आहे.”

“परत देत नाहीत. भोक पाडलंय त्याला.”

सुमिए रडायला लागली. तेइजोंना वास्तविक रागवायचं होतं, पण इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर अशी रडली नव्हती. त्यांनी दुकानातून दोन माकुळं आणली, एक तिच्या हातात दिलं, आणि दोघं समुद्राकडे बघत खात बसली. माकूळ झकास होतं. इतकी वर्षं त्याचा धूर तेवढा खिडकीतून आत यायचा.

घाट चढताना तेइजो डाव्या सीटवर दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसले होते. सुमिए मजेत चालवत होती. एसी फुल.

“तू महिन्यात एकूण किती लिटर भरलंस?”

“सोळा असेल.”

तेइजोंनी बोटांवर हिशोब मांडला. माझे अकरा, हिचे सोळा. त्यातून माझ्या एकशे ऐंशीचे, नेहमीच्या लिटरला बाराने, पंधरा वजा. राहिले बारा, आणि किलोमीटर अडीचशे. त्यांनी परत बोटं मोजली.

“एकवीस,” ते पुटपुटले.

“काय एकवीस?”

“काही नाही. रस्त्याकडे बघ.”

लायसन्स गेल्याचा धक्का त्यांनी माकुळाबरोबर गिळला होता. हा गिळता येईना. तेवढ्यात फोन वाजला. चिहारु होती, आवाजात आनंद मावत नव्हता.

“बाबा, केलंत परत? शाब्बास! आता त्या गाडीसाठी भंगारवाल्याला बोलावते.”

“बोलावू नकोस. गाडी ठेवायची आहे.”

“चालवणार कोण?”

“तुझी आई.”

“बाबा,” चिहारु सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “आई गाडी चालवत नाही. मी जन्मल्यापासून चालवलेली नाही. तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“घाटात. समुद्रावरून परत येतोय. बसला आमच्या गाडीने ओव्हरटेक केलं, मग मी पळत जाऊन गाडी पकडली. आई माकूळ खात होती.”

“बरं... बरं. तुम्ही अजिबात घाबरू नका. शेजारी कोणी आहे का?”

“आई आहे.”

“मग आईला फोन द्या ना बाबा. पटकन.”

“तिला कसा देऊ? ती गाडी चालवतेय.”

पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि मग ओसाकाहून निघणाऱ्या पुढच्या आगगाडीची चौकशी करणारा जावयाचा आवाज.