मेथीवरचे शून्य

जगातली कोणतीही गोष्ट पुरेशी उशिरा तपासली, तर ती निर्दोष ठरते. सोलापुरातल्या एका सरकारी खात्याने १९७४ साली हे मेथीवर सिद्ध करून दाखवले.

प्रश्न साधा होता. मेथीवर औषध (विषाला रानात लाडाने औषध म्हणतात) मारले, तर ते किती दिवसांनी विरते? काम खात्यातल्या यज्ञेश्वरराव अष्टपुत्र्यांकडे आले. भल्या माणसाने केम गावी भीमा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उन्हात उभे राहून फवारणी करवली. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी एकेक जुडी कापून पिशवीत मोहोरबंद केली. पिशव्या नियमाप्रमाणे एकत्रच धाडायच्या होत्या. त्या दोन दिवस स्टेशनात, चार दिवस पार्सल हापिसात आणि एक रविवार व एक गुढीपाडवा प्रयोगशाळेच्या दारात राहिल्या. (चैत्राच्या उन्हाने खात्याला विनामूल्य साहाय्य केले.) उघडल्या तेव्हा आत मेथी म्हणावे असे काहीच नव्हते, मग विष कुठून सापडणार! अहवाल आला : पहिला दिवस शून्य, तिसरा शून्य, पाचवा शून्य, सातवा शून्य.

इतके एकमत खात्यात आजवर कशावरच झाले नव्हते. लगेच परिपत्रक निघाले : सकाळी फवारा, दुपारी कापा, संध्याकाळी विका.

त्यावर यज्ञेश्वररावांनी सही केली. घरी बायकोला, प्रभाला, सातवा महिना होता. डॉक्टरांनी रोज पालेभाजी सांगितली होती. बिचारा घाबरला हो! शून्य कुठून आले हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? त्याने तडक केम गाठले.

"भीमा, न फवारलेली आहे का रे थोडी?"

"हाय की. हिरीकडचा वाफा घरच्यासाठी हाय, त्याला आमी औषध दावत बी न्हाय. पर तुमी फवारलेली न्या की सायेब, लई झ्याक दिसती. कागद तुमचाच हाय न्हवं?"

हातापाया पडून साहेबांनी दोन जुड्या मिळवल्या. घरी प्रभाने त्या उलगडल्या आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई! पानापानाला भोकं! हीच मिळाली का तुम्हाला?" जुड्या शेजारच्या गाईपुढे गेल्या. दारावरच्या भाजीवालीकडून हिरवीगार, बिनभोकाची मेथी आली. खरे सांगायला यज्ञेश्वररावांनी तोंड उघडले. पण मग सही कुणाची, हेही सांगावे लागले असते. त्यांनी तोंड मिटले आणि प्रभाने दोनदा भाजी वाढून घेतली.

त्यांना नावे ठेवू नका. आज सकाळी मंडईत किडकी म्हणून तुम्ही एक जुडी परत ढिगात टाकलीत ना? ती निदान अळीने खाऊन पाहिली होती, आणि अळी ठणठणीत आहे. तुम्ही निवडून घरी आणलेली खायला मात्र एकही अळी धजावलेली नाही.